उजव्या चाकामागचा गंज

१

मुकुंद सुभेदारांच्या गाडीला गंज लागला होता. अंगठ्याच्या नखाएवढा. मागच्या उजव्या चाकाच्या वर पत्रा आत दुमडतो, तिथे. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्या शनिवारी सकाळी दीप्ती गजभिये लक्ष्मीनगरातल्या त्यांच्या बंगल्यावर पोचली, तेव्हा पोर्चमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर रामाजी बसला होता. गल्लीच्या फाटकावरचा हा वॉचमन पन्नाशी उलटलेला, चांगला सहा फूट उंच होता. त्याचा मोबाइल आणि सायकलची किल्ली समोरच्या टीपॉयवर काढून ठेवली होती. सुभेदारांनी दीप्तीला अगदी शांत आवाजात सांगितलं, की चार वाजता ते रामाजीला ठाण्यात नेणार आहेत आणि त्याआधी त्यांना तिचा लेखी रिपोर्ट हवा आहे.

दीप्तीचं अमरावती रोडवर, वाडीजवळ वर्कशॉप होतं. गाड्यांच्या पोटाला गंज लागू नये म्हणून ती कोटिंग करून द्यायची. जुनी गाडी घेणारे लोक आधी तिच्याकडे यायचे, कारण रंगाखाली काय दडवलंय ते तिला बरोबर दिसायचं. दोनदा कोर्टानंही तिचं म्हणणं विचारलं होतं. सुभेदारांची पांढरी मारुती दर दोन वर्षांनी तिच्याकडे येई आणि दर वेळी ती मनात म्हणे, इतकी जपलेली गाडी नागपुरात दुसरी नसेल.

सुभेदार मंत्रालयाच्या नागपूर कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचे नियम ठरलेले होते. सात जूनला गाडी गॅरेजात जायची ती दसऱ्यालाच बाहेर यायची. पावसाचा थेंब तिला लागू द्यायचा नाही. दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं, म्हणजे बॅटरी उतरत नाही. गॅरेजची किल्ली एकच, आणि ती त्यांच्या जानव्याला. ऑक्टोबरात गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट नव्यानं काढायचं होतं, म्हणून शुक्रवारी त्यांनी कव्हर काढून आरशानं खालची बाजू पाहिली, आणि तो डाग दिसला.

त्यांच्या मते हे रामाजीचं काम होतं. ऑगस्टमध्ये ते त्याला फाटकावर झोपल्याबद्दल बोलले होते. त्या रागानं त्यानं गॅरेजच्या दाराखालच्या फटीतून घाण पाणी मारलं असणार.

दीप्ती जमिनीवर आडवी झाली आणि टॉर्च घेऊन चाकाखाली सरकली. पत्र्याच्या दुमडीतलं पाणी निघून जावं म्हणून तिथे बारीक भोक असतं. ते काळ्या लगद्यानं बुजलं होतं. तिनं पिनेनं थोडा लगदा काढून बोटांत चोळला. तो खरखरीत होता, आणि उजेडात धरला तर त्यात बारीक कण चमकत होते.

तिचे वडील प्रेमानंद उमरेडकडच्या खाणीत वेल्डर होते. रोज संध्याकाळी त्यांच्या नखांत हेच असायचं.

तो कोळसा होता.

२

लक्ष्मीनगरात कोळसा नाही. दाराच्या फटीतून मारलेलं पाणी चाकाच्या वरच्या दुमडीत पोचत नाही. फिरतं चाकच तिथे चिखल उडवतं. दीप्तीनं हे लगेच बोलून दाखवलं नाही. तिनं सुभेदारांकडून किलोमीटरची वही मागितली.

वहीत प्रत्येक फेरीची नोंद होती. सात जूनचा आकडा आणि आज काट्यावर दिसणारा आकडा एकच होता. सुभेदारांनी तो दोनदा बोट ठेवून दाखवला. गाडी एक मीटरही हलली नव्हती. मग त्यांनी गाडीच्या कागदांची फाइलही तिच्या हातात दिली, रिपोर्टात नंबर बरोबर यावेत म्हणून. ती दीप्तीनं बगलेत धरली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

सीट ज्या रुळावर पुढे-मागे सरकते, त्या रुळावर जुनं ग्रीस असतं. सुभेदार उंच. त्यांची सीट कायम शेवटच्या खाचेत. पण पुढच्या चार खाचांमधलं ग्रीस नुकतंच खरवडलं गेलं होतं. कोणीतरी सीट पुढे घेत होतं आणि काम झालं की पुन्हा मागे नेऊन ठेवत होतं. कोणीतरी बुटकं.

मग ती पेडलांजवळ डोकं घालून उताणी झाली. किलोमीटरच्या काट्याच्या मागे एक केबल येते. चाकांचा फेरा तीच काट्यापर्यंत आणते. ती हातानं फिरवायच्या एका चाकीनं बसवलेली असते. डॅशबोर्डच्या आतल्या सगळ्या नटांवर इतक्या वर्षांचा तांबूस थर होता. ती चाकी मात्र चकचकीत होती.

चाकी ढिली केली की केबल सुटते. मग गाडी उमरेडला जाऊ दे नाहीतर दिल्लीला, आकडा जागचा हलत नाही.

सुभेदार बाहेरून विचारत होते, काही सापडलं का. दीप्ती तशीच पडून राहिली. गाडी बाहेर गेली होती, आणि गल्लीला एकच फाटक होतं. त्या फाटकावर दिवसभर बसणारा माणूस स्टुलावर बसून होता. जे तिला सापडलं होतं ते सांगितलं, तर रामाजीभोवतीचा फास तिच्याच हातानं आवळला जाणार होता.

३

गॅरेजचं कुलूप उत्तम होतं. कोयंडा मात्र बाहेरून चार स्क्रूंवर बसवलेला. दोन स्क्रूंच्या खाचा रंगानं भरलेल्या आणि गंजलेल्या होत्या. उरलेल्या दोहोंच्या खाचांमधला रंग उडाला होता आणि त्यांना गंजाचा स्पर्श नव्हता. गंजलेले दोन तर नुसते आधाराला होते; खालचं लाकूड कुजलं होतं, आणि ते बोटानं ओढले की बाहेर येत. कुलूप तसंच ठेवून पूर्ण कोयंडा दारापासून सोडवता येत होता.

दीप्तीनं सुभेदारांना पाणी मागितलं आणि ते आत गेल्यावर रामाजीसमोर उकिडवी बसली. तिनं त्याला हळू आवाजात सांगितलं, की गाडी बाहेर गेल्याचं तिला कळलंय आणि चालवणारा तो नाही, हेही कळलंय. त्याचे गुडघे त्या सीटवर मावलेच नसते. फक्त नाव सांग.

रामाजीनं तिच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं.

"मॅडम, माह्या नावानं लिहून टाका," तो म्हणाला. "मी काई बोलणार नाई. ठाण्यात बी नाई बोलणार."

"काहून गा? नोकरी जाईल तुमची. पोलीस सोडतील का तुम्हाले?"

"मले दुसरी नोकरी भेटन," रामाजी म्हणाला. "त्याइले दुसरं काईच भेटणार नाई."

इतकं बोलून तो थांबला. आपण जास्त बोललो हे त्याला कळलं, आणि त्यानं तोंड फिरवून घेतलं.

४

सुभेदारांच्या घरात तिघंच राहत. ते, त्यांची बायको वैदेही, आणि वरच्या मजल्यावर पुतण्या ऋषी. गल्लीतल्या उरलेल्या दोन बंगल्यांपैकी एकाला कुलूप होतं, आणि दुसऱ्यातले म्हातारे नवराबायको मुलाकडे परदेशी गेले होते. गाडीला हात लावणारा बाहेरचा माणूस एकच, मेकॅनिक नत्थू.

ऋषी जिन्यातच भेटला. त्यानं मोकळेपणानं कबूल केलं, की जुन्या गाड्यांच्या रॅलीत ही गाडी न्यायला त्याला फार आवडलं असतं. काकांना त्यानं चारदा विचारलं होतं. पण तो काकांपेक्षाही उंच होता, आणि चाकीबद्दल विचारल्यावर त्यानं विचारलं, कुठली चाकी? गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

नत्थू बुटका होता, आणि केबल कशी काढायची हे त्याला झोपेतही जमलं असतं. दीप्तीनं त्याला फोन लावला. तो कळमन्याला कोणाच्या तरी ट्रकखाली होता.

"मी जूनपासून त्या गाडीपाशी गेलोच नाई वं," तो म्हणाला. "आन मी काढली असती, तर चाकीले काय लावलं असतं? ग्रीस. तू वास घे, समजन तुले."

दीप्तीच्या बोटाला चाकीचा चिकटपणा अजून होता. तिनं बोट नाकाशी नेलं. ग्रीसला जड, काळपट वास असतो. या पांढुरक्या चिकट थराला वास जवळजवळ नव्हताच. गॅरेजच्या दोन स्क्रूंवरही हेच होतं. हे व्हॅसलीन होतं. गंज लागू नये आणि चाकी फिरवताना आवाज येऊ नये, एवढं ज्याला कळतं, पण ग्रीसचा डबा ज्याच्या हाताशी नाही, तो माणूस आपल्या कपाटातलं व्हॅसलीन वापरेल.

तेवढ्यात आतून वैदेही चहा घेऊन आली. जेमतेम पाच फूट उंची, एक्कावन्न-बावन्नचं वय. ट्रे ठेवताना तिच्या उजव्या हाताची बोटं दीप्तीला दिसली. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या पेरावर खरखरीत चाकी घट्ट पिळल्याच्या रेघा उमटल्या होत्या. दीप्तीच्या स्वतःच्या बोटांवर तशाच रेघा होत्या.

वैदेहीनं तिची नजर पाहिली आणि हात पदराखाली घेतला.

५

हात धुवायच्या निमित्तानं दीप्ती स्वयंपाकघरात गेली. वैदेही ओट्याला टेकून उभी होती, जणू तिचीच वाट पाहत. दीप्तीनं काही विचारायच्या आत तिनं सांगायला सुरुवात केली. खालच्या आवाजात, दाराकडे लक्ष ठेवून.

वैदेहीच्या वडिलांचं उमरेडला गॅरेज होतं. गाडी चालवायला आणि खोलायलाही ती तिथेच शिकली. लग्नात वडिलांनी ही मारुती दिली. पहिल्याच वर्षी सुभेदारांनी किल्ली आपल्याकडे घेतली, बायकांच्या हातात गाडी खराब होते म्हणून. आठव्या वर्षी एका जेवणावळीत वडील सगळ्यांसमोर जावयाला म्हणाले, की गाडी पोरीला दिली होती. त्या दिवसापासून उमरेड बंद झालं. वडील गेले तेव्हा तिला तासाभरासाठी नेलं, आणि तेवढ्यातच परत आणलं.

सुभेदारांनी कधी हात उगारला नव्हता. त्याची गरजच पडली नाही. तिचा फोन कुठे आहे ते त्यांना आपल्या फोनवर दिसायचं. बँकेचं कार्ड त्यांच्याकडे. दर गुरुवारी ते मित्राच्या गाडीनं रामटेकच्या धानाच्या शेतीवर जात, कारण शेताची माती आपल्या गाडीला नको. तिथून बरोबर एक वाजता घरच्या फोनवर फोन येई. तो तिनं उचलायचा.

जूनमध्ये भावाचा निरोप आला. आई, यमुताई, अंथरुणाला खिळली होती. नागपुरातल्या धंतोलीच्या डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून घरी न्यायला सांगितलं होतं.

"बसनं गेली असती तर एकच्या आत परत येणं होत नव्हतं," वैदेही म्हणाली. "मोजून पाह्यलं मी. गाडीनं होत होतं."

वडिलांनी गाडीची दुसरी किल्ली लग्नातच तिच्या हातात गुपचूप ठेवली होती. तिनं ती मसाल्याच्या डब्यात तळाशी सांभाळली होती. दर गुरुवारी साडेसातला सुभेदार निघत. ऋषी त्याआधीच बाहेर पडलेला असे. आठला ती निघे. दीड तास आईपाशी बसायला मिळे. परतताना पेट्रोल भाऊ भरून देई. साडेबाराला गाडी आत. मग चाकं धुवायची, खालची बाजू धुवायची, कव्हर घालायचं, कोयंडा बसवायचा आणि फोनपाशी जाऊन उभं राहायचं. अकरा गुरुवार.

"वाळायला वेळ नव्हता," दीप्ती म्हणाली.

वैदेहीनं मान हलवली.

दीप्तीला आता गंजाचं कारण पूर्ण कळलं. वाळलेली धूळ वर्षभर बसून राहिली तरी पत्र्याचं फार बिघडत नाही. उमरेडच्या रस्त्यावरची कोळशाची पूड धुतली गेली नाही, पाण्यासोबत दुमडीत जाऊन बसली. वरून प्लास्टिकचं अस्तर असलेलं कव्हर. आतली ओल तिथेच कोंडून राहिली आणि आठवडाभर पत्रा खात राहिली. धुतलं नसतं, निदान उघडं वाळू दिलं असतं, तर कोणाला काही कळलंच नसतं.

"दोन गुरुवार द्या मले," वैदेही म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, त्याच्यापुढं आई राहत नाही. मग मी स्वतःच सांगते त्यांना."

"आणि रामाजी?"

वैदेहीनं बाहेर पाहिलं. खिडकीतून स्टुलावरची त्याची पाठ दिसत होती. पहिल्या गुरुवारी त्यानं काही न विचारता फाटक उघडलं होतं, आणि नंतरही कधी विचारलं नव्हतं.

"सकाळपासून हेच पाहून राहिली मी," ती म्हणाली. "बोलली तर आई दिसत नाही. नाही बोलली तर तो माणूस जाते."

बाहेरून सुभेदारांची हाक आली. ठाण्यातल्या साहेबांनी लवकर बोलावलं होतं. रिपोर्ट आत्ताच हवा होता.

६

दीप्ती टीपॉयपाशी बसली आणि लिहायला लागली. गाडीचा नंबर उतरवायला तिनं पहिल्यांदाच ती फाइल उघडली. नोंदणीचं कार्ड वरच होतं. ते तिनं वाचलं, मग थांबून पुन्हा वाचलं. फाइलीत मागे पंधरा वर्षांनंतरच्या प्रत्येक नूतनीकरणाचे फॉर्म होते. प्रत्येकाच्या तळाशी एकच सही, शाळकरी वळणाची.

तिनं पेन खाली ठेवलं आणि सुभेदारांना जे सापडलं ते क्रमानं सांगितलं. कोळसा, चाकी, सीटच्या खाचा, कोयंड्याचे स्क्रू. गाडी पावसाळ्यात बाहेर गेली, अनेकदा गेली. चालवणारा बुटका होता, म्हणून तो रामाजी नाही आणि ऋषीही नाही. नत्थूनं व्हॅसलीन लावलं नसतं. नाव मात्र तिनं घेतलं नाही.

सुभेदारांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. कोण उरतं ते त्यांना मोजायला वेळ लागला नाही, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. ते म्हणाले, कोणीही चालवलेली असो, फाटक यानंच उघडलं. चोरीत हाही आहेच. तुम्ही लिहा.

"चोरीची तक्रार मालकानं द्यायची असते," दीप्ती म्हणाली. "कार्डावर मालक म्हणून वैदेही मुकुंद सुभेदार असं नाव आहे. वडिलांनी गाडी त्यांच्याच नावावर घेतली होती. तीनदा नूतनीकरण झालं, तीनही वेळा सही त्यांची आहे."

"तिला त्यातलं काय कळतं? मी सांगितलं तिथे सही केली तिनं."

"आता मी सांगते," वैदेही दारातून म्हणाली. तिनं चपला घातल्या होत्या. "मीच नेत होती गाडी. आईकडं. रामाजीनं माझ्या सांगण्यावरून फाटक उघडलं. त्याले जाऊ द्या."

रामाजी उठला, टीपॉयवरचा मोबाइल आणि सायकलची किल्ली त्यानं स्वतःच उचलली, आणि फाटकाकडे चालू लागला. त्याला कोणी अडवलं नाही.

वैदेही गॅरेजात गेली. सीट पुढे घेतल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा. पांढरी गाडी सावकाश बाहेर आली, गल्लीत वळली आणि थांबली. सुभेदार गल्लीच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले.

"मी हलणार नाही," ते म्हणाले. आवाज तसाच शांत होता. "आणि तूही पुढे घेणार नाहीस. गाडीला ओरखडा येऊ देणाऱ्यांतली तू नाहीस, मला ठाऊक आहे."

इंजिन चालू राहिलं. वैदेही काचेतून त्यांच्याकडे पाहत होती. दीप्तीला तिचे हात दिसत होते, स्टिअरिंगवर घट्ट. पाच मिनिटं तरी गेली असतील. ऋषी खाली येऊन काकांच्या मागे उभा राहिला, पण त्यांना हात लावायचं धाडस त्याला झालं नाही.

मग इंजिन बंद झालं. सुभेदारांनी सुस्कारा टाकला.

वैदेही उतरली. किल्ली तिनं आतच राहू दिली. दार लावलं, नीट लागलं का ते ओढून पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "ठेवा."

मोठ्या फाटकात माणसांसाठी एक लहान दार होतं. रामाजीनं ते उघडून धरलं होतं. वैदेही सुभेदारांच्या बाजूनं, अगदी त्यांच्या कोपराजवळून गेली आणि त्या दारातून बाहेर पडली. सुभेदारांनी बॉनेटवरचे हात काढले नाहीत. आपण कशाला अडवून उभे आहोत, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांनी वळून पाहिलं. पण तोवर ती रस्त्यापर्यंत पोचली होती.

दीप्तीनं तिला आपल्या गाडीतून उमरेडपर्यंत सोडते म्हटलं. वैदेहीला ते नको होतं. गणेशपेठच्या बसस्टँडपर्यंत चालेल, म्हणाली. उतरताना तिनं एवढंच विचारलं, की रामाजीचं काही करता येईल का. दीप्ती म्हणाली, वाडीला वर्कशॉपला माणूस लागतोच. सोमवारी ये म्हणून सांगते त्याला.

दुसऱ्या आठवड्यात दीप्ती कोटिंगच्या कामानं उमरेडला गेली, तेव्हा वैदेहीच्या माहेरी डोकावली. यमुताई दोनच दिवसांपूर्वी गेल्या होत्या. भावाच्या बायकोनं पाणी दिलं आणि त्या शनिवारचं सांगितलं. वैदेही दुपारी आली, हातात पिशवीसुद्धा नव्हती. आईजवळ बसली. तास झाला, दोन तास झाले, तशी म्हातारी अस्वस्थ झाली. पोरीला उशीर होतोय, म्हणून तिनं पुन्हा पुन्हा दाराकडे बोट दाखवलं.

वैदेहीनं तिचा हात धरून खाली ठेवला. मग त्याच खाटेच्या कडेला, आईच्या पायांशी ती आडवी झाली आणि बाहेर दिवे लागले तरी झोपून राहिली.